तीन रात्रींचं निमंत्रण

इचिकावा,
४ ऑक्टोबर २०१३

ती. विभाताईंना,
सा. न. वि. वि. आज भावजयीच्या नात्यानं लिहिते आहे, म्हणजे तुमच्या धाकट्या भावाची तक्रार करायला. फोन करणार होते, पण आमच्या दोन खोल्यांत नुपूरचे कान सगळीकडे असतात. नऊ वर्षांची झाली, मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते, पण मराठीतलं गुपित मात्र एक सोडत नाही.

हरीशला शांघायला जाऊन दीड वर्ष झालं. कंपनी पाठवते आहे, दोन वर्षांत परत येतो, असं सांगून गेला. या काळात दोनदा आला, तोही दोन-दोन दिवस. आणि राहिला कुठे, तर विमानतळाजवळच्या हॉटेलात. का, तर सकाळी लवकरचं विमान आहे. आम्ही येतो म्हटलं की हवा वाईट आहे, गर्दी आहे, नको, मीच येतो म्हणतो. आणि येत नाही. ताई, नवरा स्वतःच्या घरात झोपायला तयार नसला की बायकोच्या मनात काय काय येतं, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून मीच जायचं ठरवलं आहे. दिवाळीला लागून इथे सोमवारची सुट्टी आली आहे. १ तारखेला शुक्रवारी निघायचं, पाडव्याला त्याला ओवाळायचं आणि संध्याकाळच्या विमानानं परत. तीन रात्री. तिकिटं काढली, तीही रद्द न होणारी, म्हणजे माझंच मन फिरायला नको. त्याला काही सांगितलेलं नाही. थेट दार वाजवणार. माझ्या तोयोसुमधल्या ऑफिसातली सातो-सान दोनदा शांघायला जाऊन आली आहे. पासपोर्ट घ्यायचा आणि निघायचं, व्हिसा वगैरे काही लागत नाही, असं तिनं सांगितलं.

सध्या माझं कशात म्हणजे कशात लक्ष नाही. काल प्लास्टिकचा कचरा न्यायच्या दिवशी ओला कचरा ठेवून आले. शेजारच्या आजींनी पिशवी परत आणून दिली आणि वर त्यांनीच माझी माफी मागितली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुम्हाला त्याच्याबद्दल काही माहीत असेल तर सांगाल ना? वाईट असलं तरी सांगा.
नरेंद्ररावांना नमस्कार. तक्रार केली तरी लोभ कमी करू नये.

तुमची,
सुलेखा


कोबे,
७ ऑक्टोबर २०१३

चि. सौ. सुलेखास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून दाखवलं आणि नरेंद्रना चहाचा ठसका लागला. अगं बाई, सातो-सानला व्हिसा लागत नाही, कारण तिचा पासपोर्ट जपानी आहे! तुझ्या पासपोर्टवर अशोकस्तंभ आहे, विसरलीस? दहा वर्षं इथे राहून, वाकून वाकून तू स्वतःला त्यांच्यातलीच समजायला लागलीस. तुझ्या पोरीनं तसं मानलं तर एक वेळ ठीक आहे.

नरेंद्र मोत्यांच्या खरेदीला दर वर्षी चीनला जातात, म्हणून नियम त्यांना पाठ आहेत. तिकडे राहणाऱ्या माणसाला भेटायला जायचं तर त्या माणसाचं निमंत्रणपत्र लागतं. तुम्ही त्याच्या कोण, कधी येणार, कुठे उतरणार, सगळं त्यानं लिहून खाली सही करायची. सोबत त्याचा पासपोर्ट आणि तिथल्या राहण्याच्या परवान्याची प्रत. तेव्हा तुझं ते दार वाजवणं विसर. सही नवऱ्याचीच लागणार.

कामाचे चार दिवस व्हिसाला धर, म्हणजे २४ पर्यंत अर्ज गेला पाहिजे. आजच्या आज त्याला लिही. हवामान बघून कपडे घे, नुपूरला स्वेटर हवाच. चकल्या मी करून पाठवते, तू त्या भानगडीत पडू नकोस, तुझ्या चकल्या मागच्या वर्षी खाल्ल्या आहेत.

तू शेवटी जे विचारलंस ते त्यालाच विचार. भावाबहिणीत मला घालू नकोस म्हणणार होते, पण ती बहीण मीच. इतकंच सांगते, तुझ्या मनात जे आलं आहे, तसं काही नाही.
मोठी नणंद म्हणून रागाव, पण लिहिणं थांबवू नकोस.

विभाताई


इचिकावा,
९ ऑक्टोबर २०१३

श्री. हरीश यांस,
न. वि. वि. तुझी पत्नी आणि तुझी मुलगी दि. १ ते ४ नोव्हेंबर दिवाळीनिमित्त शांघायला येऊ इच्छितात. त्यासाठी तुझं निमंत्रण लागतं, असं चीन सरकारचं म्हणणं आहे. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं ते तू ठरव. सोबत दोघींच्या पासपोर्टच्या प्रती पाठवते आहे.

तिकिटं काढलेली आहेत. तुला बोलवायचं नसेल तर तसं एका ओळीत लिहून पाठव. फोनवर नको. फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस.
उत्तराची वाट पाहते आहे, आणि हे नुसतं लिहायची पद्धत म्हणून लिहीत नाही.

सुलेखा


शांघाय,
१५ ऑक्टोबर २०१३

प्रिय सुलेखा,
बाप रे, काय पत्र! ऑफिसात उघडलं आणि उभा राहिलो. निमंत्रण सोबत आहे. चिनी मजकूर आमच्या ऑफिसातल्या बाईंनी लिहून दिला. नातं लिहिताना त्यांनी विचारलं, की बायकोला निमंत्रण द्यायला इतका उशीर का झाला. मी हसलो. तू म्हणतेस तसाच.

तुम्ही या. नदीकाठी संध्याकाळी दिवे लागतात ते नुपूरला दाखवायचे आहेत. सकाळी कोपऱ्यावर गरम सोयाबीनचं दूध आणि पिठाच्या तळलेल्या लांब कांड्या मिळतात, त्या तिला नक्की आवडतील. रस्ता ओलांडताना मात्र इचिकावा विसरा. इथे हिरवा दिवा असला तरी स्कूटरवाले अंगावर येतात. शनिवारी पहाटे अभ्यंगस्नान, उटणं तू आण. माझी खोली लहान आहे, पण तिघं मावू. मी पडदे धुतले.

परवान्याची प्रत जोडली आहे. आणखी काही लागलं तर कळव.
माझ्यावर जेवढा लोभ उरला असेल तेवढा घेऊन ये.

हरीश


इचिकावा,
१९ ऑक्टोबर २०१३

ती. विभाताईंना,
नमस्कार. निमंत्रण आलं. पडदे धुतले म्हणून लिहितो! मला रडू आलं, आणि मग मी परवान्याची प्रत पाहिली.

चिनी मला वाचता येत नाही, पण आकडे येतात. परवाना या ऑगस्टमध्ये नवा करून घेतला आहे. मुदत ऑगस्ट २०१६. मला तो येत्या एप्रिलमध्ये परत येतो असं सांगत होता. मी नुपूरला सांगून ठेवलं, तिनं कॅलेंडरवर गोल काढला. तीन वर्षं आणखी, ताई! आणि ते मला व्हिसाच्या कागदावरून कळतं.

माझ्या मनात आलं तसं काही नाही, असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे जे आहे ते तुम्हाला माहीत आहे. आता अर्ज भरायला पाच दिवस आहेत. काय आहे ते कळल्याशिवाय मी तो भरणार नाही. तिकिटं गेली तर जाऊ देत.
या वेळी नुसते आशीर्वाद नकोत, उत्तर हवं.

सुलेखा


कोबे,
२१ ऑक्टोबर २०१३

चि. सुलेखा,
मी हरीशला शब्द दिला होता, तो आज मोडते आहे. रागवायचं तर त्यानं माझ्यावर रागवावं.

कंपनीनं त्याला पाठवलं नाही. त्यानं मागून घेतलं. २०११ च्या त्या मार्चच्या भूकंपात तो ऑफिसात विसाव्या मजल्यावर होता, हे तुला माहीत आहे. नंतरचं तुला माहीत नाही. पुढे वर्षभर जरा हललं की तू झोपलेली असताना तो उठून जिन्यात जाऊन बसायचा. मोबाइलवर भूकंपाचा इशारा वाजला की तो बाथरूममध्ये जाऊन दार लावून घ्यायचा. इचिकावाच्या त्या घरात त्याला झोपताच येत नाही, म्हणून हॉटेल. शांघायला पहिल्या रात्री सलग आठ तास झोपलो, असं त्यानं मला फोनवर सांगितलं आणि लहान मुलासारखा रडला.

तुला का सांगितलं नाही? लाज वाटली त्याला. पंच्याण्णवच्या भूकंपात कोबे उद्ध्वस्त झालं तेव्हा मी तिसऱ्या आठवड्यात घरी परतले होते. आणि तू जमीन हलत असताना टेबलाखाली बसून नुपूरकडून शांतपणे पाढे म्हणून घेत होतीस. माझ्या घरातल्या बायका घाबरत नाहीत, मीच तेवढा भित्रा, असं म्हणाला. मी त्याला समजावायला हवं होतं. मी फक्त शब्द देऊन मोकळी झाले. ती माझी चूक.

जा किंवा जाऊ नकोस. चकल्या मात्र आज पाठवल्या आहेत, जपून उघड.
तुझ्यावर माझी माया आहे, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

विभाताई


इचिकावा,
२४ ऑक्टोबर २०१३

प्रिय हरीश,
आज सकाळी अर्ज दिला. व्हिसा ३० तारखेला मिळेल. ताईंनी मला सगळं सांगितलं आहे. त्यांच्याशी भांडू नकोस.

मी फार चिडले आहे. तू घाबरलास म्हणून नाही. २०१६ पर्यंतचा परवाना लपवलास म्हणून, नुपूरला कॅलेंडरवर गोल काढू दिलास म्हणून. हे तिला तू सांगायचं, मी नाही.

आता माझं ऐक. ते पाढे नुपूरसाठी नव्हते. तोंड बंद केलं असतं तर मी किंचाळले असते, म्हणून सतरापासून सुरू केलं. तू जिन्यात जाऊन बसायचास, तेव्हा मी झोपलेली नसायचे. तू बाहेर मोबाइलवर ऑफिसचं काम करतोस असं समजून मी डोळे मिटून पडून राहायचे, कारण निदान एका माणसाला तरी कशाचं काही वाटत नाही याचा मला आधार होता.

मी तुला परत न्यायला येत नाही. तिथे राहायला येते आहे असंही समजू नकोस, माझं इथलं काम मला आवडतं. कुठे राहायचं ते तीन रात्रींत ठरणार नाही. नदीकाठ, दिवे, सगळं नुपूरला दाखव. मला काही पाहायचं नाही. मला तुझ्या शेजारी बसून एकदा सांगायचं आहे, की अडीच वर्षं मला फार भीती वाटते आहे, आणि ते सांगायला घरात कोणी नव्हतं.

बाकी काही लिहीत नाही. लोभ आहे, म्हणून येते आहे.

तुझी,
सुलेखा