नमुन्याच्या कार्डाची कामगिरी

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (टेबल आणि कपाट यांच्यामध्ये आडवं होण्याइतकी जागा नाही, तेव्हा उभ्यानं घातलेला गोड मानून घ्यावा). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा नवा चष्मा नाकावर बसला का? मी उत्तम आहे. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही मधेच नाही म्हणता.

आमच्या जाहिरातीच्या ऑफिसात मला कामकाजाचा प्रमुख केलं, तीन महिन्यांच्या बोलीवर. इथला कारभार म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. चित्रकारबाई एकच आभाळ चार वेळा रंगवायच्या. मजकूर लिहिणारे गृहस्थ (आम्ही त्यांना कविराज म्हणतो, ते रागावत नाहीत, हीच अडचण आहे) खिडकीत उभे राहून शब्दाची वाट बघायचे. मी तुमचाच, कोठाराच्या नोकरीतला मंत्र लावला: नोंद नाही, ती वस्तू नाही. भिंतीवर फळा, फळ्यावर चार रकाने: यायचंय, चालू, तपासणी, झालं. प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि कार्डाशिवाय कुणी पेन्सिलही उचलायची नाही.

समजावून सांगताना मी एक नमुन्याचं कार्ड लिहिलं: छत्र्यांच्या नव्या दुकानाच्या उद्घाटनाचं पोस्टर. दुकान अर्थात माझ्या मनातलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या भरात ते कार्ड फळ्यावरून काढायचं राहिलं (मोठ्या गोष्टींकडे बघणाऱ्याची लहान गोष्टींवर नजर कशी राहणार?).

मामा, पुढचं तुम्ही बघायला हवं होतं. बाईंनी आभाळ एकदाच रंगवलं. कविराजांनी दुपारच्या आत ओळ दिली. तपासणीत दोन सह्या लागतात, त्या दोन्ही मीच केल्या. नऊ दिवसांत पोस्टरं छापून शहरभर लागलीसुद्धा. इतकं वेळेवर काम या ऑफिसात कधी झालेलं नाही.

त्याच नऊ दिवसांत एक बिस्किटवाले त्यांच्या नव्या पुड्याच्या चित्रासाठी रोज फोन करत होते. बाई नम्रपणे सांगायच्या की तुमचं कार्ड नाही. मी पलीकडून ऐकून बाईंच्या शिस्तीचं कौतुक केलं. ते कार्ड मीच लिहायचं होतं, हे दहाव्या दिवशी ध्यानात आलं. तोवर बिस्किटवाले दुसरीकडे गेले होते.

ऑफिसच्या मालकीणबाई ओरडल्या नाहीत. फळ्यापुढे उभ्या राहून त्यांनी विचारलं, "हे छत्रीवाले कोण?"

मी म्हणालो, जुनी ओळख आहे.

"मग शनिवारी उद्घाटनाला मी जाते. दुकान दिसलं तर तुमची पद्धतही राहील आणि तुम्हीही."

पद्धतीत काडीचा दोष नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. पण मामा, ही खुर्ची मला हवी आहे. बारा वर्षं मी इथे इतरांच्या हो ला हो म्हणत बसलो, आता कुठे चार माणसं माझं ऐकायला लागली आहेत. खुर्ची गेली तर मला फार वाईट वाटेल.

मामींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ हे पत्र संपेपर्यंत तरी टिकावा.

तुमचा भाचा

ता. क. कार्डावर पत्त्याची जागा रिकामी ठेवायची नाही, हा माझाच नियम. म्हणून तिथे तुमच्या घराचा पत्ता घातला होता. शनिवार, सकाळी दहा. बाहेरच्या खोलीतला कोच तेवढा आत सरकवा.

ता. क. २. पहिल्या पन्नास गिऱ्हाइकांना छत्री फुकट, ही ओळ कविराजांची. ती मी सही करताना वाचली नव्हती.

ता. क. ३. पत्र सोमवारीच लिहून झालं होतं. पण बाहेर जाणाऱ्या कागदावर दुसरी सही आता माझी चालत नाही, कविराजांची लागते, आणि ते पाच दिवस त्यातल्या एका शब्दावर अडले. आज शनिवार उजाडला. तुमच्याकडे येणारं दुसरं कुणी मिळेना, म्हणून 'छत्रीवाल्यांसाठी' असं लिहून पाकीट मालकीणबाईंकडेच दिलं आहे. म्हणजे आत्ता त्या तुमच्यासमोर उभ्या आहेत. चेहरा आहे तसाच ठेवा, पत्राची घडी घाला आणि त्यांना एवढंच सांगा, "माल वाटेत आहे."