पहाट कोणी केली, याबाबत

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, व्यवसाय नाटकांची प्रकाशयोजना, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. दिग्दर्शकांचे मत वेगळे असू शकेल. त्यांना कोणी विचारलेले नाही. हा मजकूर मी कोणाच्याही दडपणाखाली न येता, जेवणाच्या टेबलावर बसून, स्वतःच्या हाताने लिहिला आहे. आधीची दोन मृत्युपत्रे रागाच्या भरात केली होती, ती रद्द समजावीत.

१. राहते घर धाकट्या भावाला. मी प्रकाशयोजना शिकायला निघाले तेव्हा वडील म्हणाले होते, "दिवे लावायला तीन वर्षं? बटण दाबायला किती वेळ लागतो गं?" तेव्हा एकटा हाच माझी ट्रंक उचलून नाट्यशाळेच्या दारापर्यंत आला. अट एकच: बाहेरच्या खोलीत पांढरी ट्यूबलाइट लावायची नाही. त्या उजेडात धडधाकट माणूसही आजारी दिसतो, आणि भाऊ मुळातच फार देखणा नाही.

२. माझी शिडी नाट्यशाळेला. वर्गात मी एकटीच मुलगी. शिडी धरायला सगळे धावत, चढू कोणी देत नसे. म्हणून ही स्वतःची घेतली.

३. माझा टॉर्च त्या दिग्दर्शकाला, जो तीस वर्षे मला सांगत आला, "मिट्ट काळोख हवा, पण चेहरे स्पष्ट दिसले पाहिजेत." आता स्वतःच धरून बसावे.

४. चिकटपट्टीचे रीळ त्या नायकाला, ज्याच्यासाठी रंगमंचावर फुली मारली की तो हातभर पुढे उभा राही आणि नंतर "माझ्या तोंडावर अंधार होता" म्हणून थयथयाट करी. नाचता येईना अंगण वाकडे.

५. सध्या चालू असलेल्या नाटकाच्या जाहिरातीवरचे माझे नाव, आणि त्यातल्या पहाटेच्या प्रवेशासाठी मिळालेले पारितोषिक. दोन्ही माझी नाहीत. ती आमचा प्रकाशाचा बोर्ड चालवणाऱ्या मुलीची आहेत. शिडीवर सरसर चढते म्हणून तिला सगळे खारूताई म्हणतात.

हे नाटक बसवले तेव्हा माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि मी तो लपवला होता. दिसत नसलेल्या बाईला दिव्यांचे काम कोण देणार? मोतीबिंदूतून सगळे जग पिवळट दिसते. म्हणून मी तालमीत ओरडायचे, "निळा वाढव!" ती म्हणायची, "वाढवला, बाई." वाढवत काही नव्हती. मला तरी कुठे कळत होते!

गेल्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. एका दुपारी रिकाम्या थिएटरात माझ्या वहीतले आकडे बोर्डावर लावून पाहिले. पहाट कसली, शवागार! मग खणात तिची वही सापडली. माझ्या प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीने तिचा आकडा. ते लावले आणि पहिल्या रांगेत बसून मी रडले. दोन वर्षे लोक जिच्यावर टाळ्या वाजवत होते, ती उबदार पहाट तिने केली होती, आणि व्यासपीठावर जाऊन मान मी लववली. मला लाज वाटते. माझ्या पश्चात निर्मात्याने जाहिरातीवर तिचे नाव घालावे. जिवंतपणी सांगायची माझी हिंमत नाही.

सही: प्रकाशयोजनाकार
साक्षीदार: १. माझ्या डोळ्यांचे डॉक्टर (सही करताना मला नीट दिसत होते, हेही तेच सांगतील). २. तळमजल्यावरचे शिंपी.
ठिकाण: राहते घर. दिनांक: ९ फेब्रुवारी.

पुरवणी, दिनांक २१ फेब्रुवारी. साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नसते, डॉक्टरांनी वाचला. म्हणाले, "बाई, तुम्ही मरेपर्यंत त्या पोरीने वाट बघायची? तब्येत तर ठणठणीत आहे तुमची!"

दुसऱ्याच दिवशी, प्रयोगाआधी, तिला सगळे सांगितले. विचारले, "दोन वर्षं गप्प का बसलीस?"

ती बोर्डावरची धूळ पुसत राहिली. "पहाट निळी झाली असती तर हसं तुमचं झालं असतं, बाई."

पारितोषिक तिने घेतले. आभार मानले नाहीत, बरे केले. आजच्या जाहिरातीवर तिचे नाव आहे. मी चष्म्याशिवाय वाचले. कलम ५ मध्ये माझ्याकडून देण्यासारखे काही उरलेले नाही, सबब ते रद्द.

सही व साक्षीदार: वरीलप्रमाणे.