सदस्य क्रमांक एक

४ मार्च, मंगळवार

ऑफिसात त्या बक्षीस मिळालेल्या सिनेमाचा विषय निघाला. साहेब म्हणाले, 'किती संयत आहे ना?' मी म्हटलं, 'फारच.' खरी गोष्ट अशी, की नायक विहिरीकडे चालायला लागला तेव्हा मला डुलकी लागली आणि जाग आली तेव्हाही तो चालतच होता. विहीर आली की नाही, मला माहीत नाही.

मी वजनकाटे तपासते. काचेच्या पेटीतल्या काट्यासमोर श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. आणि सिनेमाबद्दल मात्र बिनदिक्कत थाप मारते! ठरवलं — निदान या वहीत तरी जे बघितलं त्याबद्दल खरं तेच लिहायचं.

५ मार्च

हेराची मालिका संपवली. सहा भागांत त्याच्या फोनची बॅटरी एकदाही उतरत नाही. आईचा फोनही येत नाही. विश्वास बसला नाही.

७ मार्च

खरं लिहायचं तर साडेसातच्या मालिकेबद्दलही लिहायला हवं. आजवर टाळलं, कारण तो घरगुती विषय आहे.

गेल्या वर्षी आमच्या टीव्हीशेजारी एक डबी बसवली. कोण काय बघतं ते मोजणारी. टीव्हीसमोर बसताना आपापल्या नंबरचं बटण दाबायचं, उठताना परत दाबायचं. चालू झालं की एकदा 'टिट', बंद झालं की दोनदा. एक नंबर बाबा, दोन आई, तीन मी. बसवणारा म्हणाला होता, 'तुमचं एक घर म्हणजे हजारो घरं समजा.' मी त्या रात्री जेवले नाही. आईने डबीवर विणलेला रुमाल टाकला — लाल दिवे डोळ्यांत जातात म्हणून — आणि बटणांचा रिमोट स्वतःच्या मांडीवर घेतला.

पाच महिन्यांपूर्वी, मालिकेचा सहाशेवा भाग चालू असताना, बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, 'ही मालिका बंद होईपर्यंत मी या घरात पाऊल ठेवणार नाही.'

आई म्हणाली, 'जरा हळू बोला, ऐकू येत नाहीये.'

बाबा दादाकडे राहायला गेले. मालिका बंद झाली नाही.

८ मार्च

आईने पेपरात वाचलं — मालिकेचे बघणारे घटलेत, बंद करण्याचा विचार आहे. मग म्हणाली, 'तू नुसतं तुझं बटण दाबत जा. बघू नकोस हवं तर.'

'खोटं होईल ते.'

'अगं, बटण आहे ते, शपथ नाही.'

मालिका बंद पडली तर बाबा घरी येतील. मला ते यायला हवे आहेत. त्यांच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे साठायला लागलेत, आणि ते मला बघवत नाही. म्हणजे मी बटण दाबत नाही ते तत्त्वासाठी की स्वार्थासाठी? काट्याने काय दाखवावं याची इच्छा तपासणाऱ्याने धरायची नसते. शेवटी असं ठरवलं — रोज बसायचं, मन लावून बघायचं. लक्ष असेल तोवर बटण चालू, लक्ष उडालं की बंद.

१० मार्च

प्रामाणिक मत: मालिका भयंकर आहे.

नायिकेची स्मृती आजवर तीनदा गेली आहे. तिन्ही वेळा शुद्धीवर आल्यावर तिने सगळ्यांत आधी जावेलाच ओळखलं. सासरे दोनशे दहा भाग कोमात आहेत. दाढी मात्र रोज गुळगुळीत. घरातला प्रत्येक जण त्यांच्या उशाशी बसून आपली गुपितं सांगतो. मध्येच नट बदलला. नवे सासरे अंगाने दुप्पट आहेत. कोमात माणूस इतका सुटतो कसा, असं डॉक्टरही विचारत नाहीत.

अर्ध्या तासात माझं लक्ष सात वेळा उडालं, सात वेळा परत आलं. म्हणजे चौदा वेळा रिमोट मागितला.

'तुझं काय तळ्यात-मळ्यात चाललंय?' आई म्हणाली. 'एक तर बस, नाहीतर ऊठ.'

१३ मार्च

वहिनीचा फोन. बाबा मजेत आहेत म्हणाली. 'रोज साडेसातला खोलीचं दार लावून पेपर वाचतात. माझा मोबाइल घेऊन जातात. दिव्याचा उजेड पुरत नाही म्हणे.'

डोळे तपासायला हवेत त्यांचे.

१४ मार्च

सासऱ्यांचा अंगठा हलला. बटण बंद करायचं लक्षात राहिलं नाही.

१८ मार्च

डबी बसवणाऱ्या कंपनीतून एका बाईंचा फोन, थेट ऑफिसात. आवाज काळजीचा. 'सदस्य क्रमांक तीन आपणच ना? तब्येत बरी आहे ना? अर्ध्या तासात आपण दहा-दहा, चौदा-चौदा वेळा ये-जा करता.'

'मी उठत नाही. लक्ष उडतं.'

बाई म्हणाल्या, 'मॅडम, लक्षाचं बटण नसतं. तुम्ही समोर आहात की नाही, एवढंच सांगायचं.' मग समजुतीच्या सुरात, 'तुमच्या घरातल्या एक नंबरचं बघा. साडेसातच्या मालिकेला पाच महिन्यांत एक मिनिट चुकलेलं नाही. असा माणूस आमच्याकडे दुसरा नाही.'

मी म्हटलं, 'हो. ते पहिल्यापासून नियमित आहेत.'

फोन ठेवला आणि पाचशे ग्रॅमचं वजन काट्याऐवजी जेवणाच्या डब्यात ठेवून बसले.

घरी आले तेव्हा आई मटार सोलत होती. 'आई, बाबांचं बटण तू दाबतेस?'

'मग?'

'ते इथे नाहीत.'

'बसमध्ये जागेवर रुमाल टाकतोच ना आपण?'

मी तिला नीट समजावून सांगितलं. तू बटण दाबतेस, म्हणून आकडा वाढतो. आकडा वाढतो, म्हणून मालिका चालू राहते. मालिका चालू आहे, म्हणून बाबा येत नाहीत. बाबा येत नाहीत, म्हणून तू बटण दाबतेस.

आईने सगळं ऐकून घेतलं. दोन शेंगा सोलल्या. म्हणाली, 'मग काय त्यांचं नाव काढून टाकू?'

१९ मार्च

खालून पोकळ केलेलं वजन सापडलं की मी ते जप्त करते. दुकानदार कितीही गयावया करू दे. आणि माझ्याच घरात टीव्हीसमोर एक पोकळ वजन रोज अर्धा तास बसलेलं असतं.

कंपनीचा फॉर्म काढला. 'सदस्य घरात राहत नसल्यास कळवावे.' नाव लिहिलं, क्रमांक लिहिला. खाली दोन चौकोन. तात्पुरते. कायमचे. एकावर खूण करायची.

पेन हातात घेऊन बसून राहिले. तात्पुरते लिहावं तर ते कशावरून? कायमचे लिहावं तर ते कोणी ठरवलं? आईला विचारलं. तिने चष्मा लावून दोन्ही चौकोन वाचले, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली — साबण, मीठ, काडेपेटी.

मी दुसरा फॉर्म काढला नाही. माझी नोकरी मला शोभत नाही बहुतेक.

२१ मार्च

हेराच्या मालिकेचे नवे भाग आलेत. सध्या वेळ नाही. सासरे सोमवारी डोळे उघडणार आहेत. निदान जाहिरातीत तरी आठवडाभर तसं सांगतायत.

खुर्चीवरचे कपडे आईने आज घड्या करून कपाटात ठेवले.

२४ मार्च, सोमवार

सव्वासातला बेल वाजली. दारात बाबा. 'चष्मा राहिला होता इथे,' म्हणाले. चष्मा नाकावर होता.

आई आतूनच म्हणाली, 'चपला काढा आणि बसा पटकन, सुरू होईल.'

बाबा खुर्चीत बसले. पेपर उघडला नाही. आईच्या मांडीवरचा रिमोट उचलून त्यांनी एक नंबर दाबला.

टिट, टिट.

बाबांनी आईकडे बघितलं. आई साबणाची जाहिरात बघत होती.

त्यांनी परत दाबलं. टिट.