दारात अडकलेला जिना

मंगळवार, १४ मे

दादा,

नमस्कार. मी ठीक आहे, तूही असशील. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने चढू नकोस. जिना हा शब्द लिहिताना मला हसू आलं, ते लपवत नाही.

तुझा निरोप तिने सांगितला. 'झालं गेलं विसर आणि कामावर ये.' तू चार घरं टाकून राहतोस, पण स्वतः यायला तुझे पाय जड झाले.

मी विसरलेली नाही. तुझ्या सत्काराला आपल्या नेपथ्याच्या कारखान्यातले आम्ही सगळे एका रांगेत बसलो होतो. सुतारकाकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, रंगाऱ्याने नखांतला रंग घासून घासून काढला होता. आणि तू माईकवर म्हणालास, "नेपथ्य डोक्यात उभं राहतं. हात काय, कुठेही मिळतात." टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर कुणीतरी माझ्याकडे बघून विचारलं, ही कोण? तू म्हणालास, "बहीण. मदतीला असते."

मदतीला. आपला पहिला पडदा आपण दोघांनी पत्र्याच्या शेडमध्ये, जमिनीवर पालथं पडून रंगवला होता. तेव्हा तू ब्रशच्या प्रत्येक फटकाऱ्याला विचारायचास, "बरा दिसतोय का गं?" तो विचारणारा दादा कधी संपला, मला कळलंच नाही.

तिथेच ठरवलं, याला एकदा नुसत्या हातांनी काम करून दाखवायचं.

मग नव्या नाटकाचा जिना आला. एकसंध हवा, कुठे जोड दिसता कामा नये, असा तुझा हुकूम. थिएटरच्या मागच्या दाराचं माप कुणी घेतलंय का, हे तू विचारलं नाहीस. मी घेतलं होतं. एरवी मी तुझ्याशी भांडून तो दोन तुकड्यांत करायला लावला असता. या वेळी म्हटलं, "तू म्हणशील तसं." तुला ते किती आवडलं होतं.

प्रयोगाच्या दिवशी तो दारात अडकला. आडवा केला, तिरका केला, उलटा केला. तू घामाघूम होऊन म्हणत होतास, "अरे, जोर लावा." आम्ही लावला, सांगितला तेवढाच. शेवटी तो बाहेर रस्त्यावरच ठेवला. प्रेक्षक त्याला वळसा घालून आत गेले आणि प्रयोग रद्द झाल्यावर तिकिटं परत करून बाहेर आले. एक बाई तर त्याच्या पायरीवर टेकून चपलेचा पट्टा लावत होती. तुझा चेहरा बघून माझ्या जिवाला जो थंडावा मिळाला, तो काय सांगू. त्यानंतर नाटक कंपनीने पुढच्या नाटकाचं काम तुझ्याकडून काढून मला दिलं, म्हणजे दुधात साखरच.

तुला वाटत असेल, आता कारखान्यातले सगळे माझ्याकडे आले असतील. मलाही तसंच वाटलं होतं.

इतका वेळ एक गोष्ट लिहायची टाळतेय. काकांना जिना बांधतानाच शंका आली होती. म्हणाले, "ताई, हा दारातून जाईल ना? दादांना विचारू का?" मी म्हटलं, "तुम्ही हात चालवा काका. डोकं चालवायचं काम तुमचं नाही."

त्यांनी पुन्हा रंधा उचलला. नवं काम मिळाल्यावर त्यांना बोलवायला गेले, तर त्यांनी आत या म्हटलं नाही. "दादांना दार दिसलं नव्हतं, तुम्हाला दिसत होतं. भांडण तुम्हा भावंडांचं, पण आमची मेहनत रस्त्यावर आली." रंगाराही येत नाही म्हणाला. आणि काकांकडूनच कळलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्यांच्या पायरीवर बसून माफी मागितलीस. माझ्याकडे मात्र वहिनीला पाठवलंस.

मला तुझी कीव आलेली नाही. तुझी फजिती झाली याचं आजही वाईट वाटत नाही. काकांनी तो कठडा हाताला मऊ लागेपर्यंत घासला होता, त्याचं वाटतं.

माझ्या हाती आलेल्या नाटकाची चौकट माझ्या एकटीच्याने उभी राहत नाही. शनिवारी सकाळी थिएटरवर ये. काकांना घेऊन ये. तुझं ऐकतील, माझं ऐकणार नाहीत. हे लिहायला मला किती जड गेलं असेल, ते तू ओळख. आल्यावर त्यांच्याशी आधी मला बोलू दे. तू मध्ये पडू नकोस.

तुझा हिशेब त्यानंतर.

अजून माफ न केलेली,
धाकटी