शिक्षक तुमच्या घरी येतात का?

गुरुजी, आज जुने कागद आवरताना एक छापील प्रश्नावली हाती आली, आणि तुमच्यावर रागवावं की स्वतःवर, तेच कळेना.

महाराष्ट्र नवा होता, मी वडनेरच्या शाळेत सातवीत. पुण्याहून विद्यार्थ्यांसाठी प्रश्न छापून आले होते. त्यातला एक, ‘अडचण विचारायला तुम्ही शिक्षकांच्या घरी जाता का?’ आमच्या बौद्ध वस्तीतल्या सातही पोरांनी ‘कधीच नाही’वर खूण केली. खरंच होतं ते. तुम्ही भाड्याने राहायचात त्या घराच्या ओसरीवर आम्हाला कोण चढू देणार होतं? म्हणून तर दिवेलागणीला तुम्हीच कंदील घेऊन आमच्याकडे यायचात. आई पाणी द्यायला संकोचायची, तर तुम्हीच मागायचात, “माय, पानी दे वं, घसा सुकला.” मग बाजेवर बसून आमची गणितं तपासायचात. पण कागदावर तसा प्रश्नच नव्हता.

महिन्याभरानं ती उत्तरं घेऊन शाळा तपासणारे साहेब आले. भर वर्गात म्हणाले, “त्या वस्तीतली मुलं तुमच्या दाराशी फिरकत नाहीत. तुम्ही त्यांना दूर ठेवता, मास्तर!” तुम्ही खडू धरून खाली बघताय. मी तोंड मिटून बसलेय. लवकरच तुमची लोणारकडे बदली झाली.

एसटीपाशी मी रडत विचारलं, “गुरुजी, तुम्ही काऊन नाही सांगतलं?”

“सांगतलं असतं त गावात बोभाटा झाला असता. मंग तुमच्याकडं येनं बंद झालं असतं माह्यं.”

“आता बी बंदच झालं ना!”

“हाव,” तुम्ही हसलात. डोळे मात्र भरले होते. “पन तू शिकनं बंद नको करू, पोरी.”

नाही केलं. शिकले, पुण्यात असेच प्रश्न तयार करण्याच्या नोकरीला लागले. एकदा तोच प्रश्न पुन्हा समोर आला. त्याखाली मी माझ्या हातानं लिहिलं, ‘शिक्षक तुमच्या घरी येतात का?’ बैठकीत सगळे हसले. “अहो, असे कोणते शिक्षक असतात?”

तुमच्याबद्दल सांगायचं तर आमची वस्ती सांगावी लागली असती. तोवर माझी भाषा अशी घासूनपुसून झाली होती की मी कुठली याचा कुणाला पत्ता नव्हता. साहेबांसमोर गप्प बसले तेव्हा मी लहान तरी होते. त्या दिवशी मी चांगली चाळिशीची होते.

“नसतील तर काढा,” मी म्हणाले. काढला, गुरुजी.