पाचवी मावशी

३ मार्च
चौथीही गेली! मावश्या पुरवणाऱ्या ब्युरोच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "आजी, हल्ली बायका टिकतच नाहीत." जणू दूधच नासलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून तीन महिन्यांत चार मावश्या. एवढ्या तर माझ्या आईलाही बहिणी नव्हत्या.

४ मार्च
पाचवी आली. चाळिशीची, काटक. ड्यूटी सकाळी आठ ते रात्री आठ. मला एकटीने उचलून खुर्चीत बसवलं. "याला दोघी लागतात हो," म्हणाली. म्हटलं, "मग ब्युरोला सांग, अजून अर्धी पाठवा." हसली नाही. विनोदबुद्धी शून्य.

९ मार्च
स्पंजचं पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघते. मी पलंगावर असतानाच चादर बदलते, मला कळतसुद्धा नाही! विचारलं, "सर्कशीत होतीस का?"

११ मार्च
शोध लागला! ही दुपारचा डबा वॉशिंग मशीनशेजारी उभ्याने खाते. बसायला जागाच दिलेली नाही. सूनबाईंना विचारलं, तर म्हणतात, "अहो आई, आधीच्या कुणी तक्रार केली नव्हती." पळून जाताना तक्रार करायला थांबतं कोण? शिवाय केर आणि भांडीही हिच्याच गळ्यात. आजारी एकटी मी, सेवा मात्र अख्ख्या घराची!

१५ मार्च
आज ताप अंगावर काढत आली. आल्यापासून एक सुट्टी नाही. मॅडमना मीच फोन लावला. "बदलीला कुणी नाही हो आजी. पण आमच्याकडे सगळ्यांना कुटुंबासारखं वागवतो." म्हटलं, "दिसतंय ते. घरच्या सुनेला तरी कुठे सुट्टी असते!" तिला सरळ घरी पाठवलं. दिवसभर माझं सगळं मुलाने केलं — एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून.

१७ मार्च
दरबार भरवला. मुलगा, सून, फोनवर मॅडम. तीस वर्षं कचेरीत बारा माणसं हाताखाली होती माझ्या, ही तीन काय! ठरलं — रविवारी सुट्टी, बसून जेवण, केर-भांडी बंद, मला उचलायला मुलगा हात देणार. पाचवीला सांगितलं. "बरं," म्हणाली. बस्स? मी म्हटलं, "आता तरी हस, की हसायलाही बदली मागवू?"

२४ मार्च
रविवारची सुट्टी घेऊन आली आणि म्हणते, "शनिवारपर्यंत येईन. मग दुसऱ्या घरी."
आता आणखी काय, पालखी हवी? तसं विचारलंही. चादरीचा कोपरा खोचत म्हणाली, "आजी, तुमच्यामुळे सुट्टी मिळाली, ते विसरणार नाही. पण रोज जिना चढताना धास्ती असते — आज आजी काय बोलतील! ब्युरोत भेटतात त्या आधीच्या चौघीही हेच सांगतात. दुखरी पाठ शेकता येते हो. बोललेलं कुठे शेकायचं?"
चौघी! म्हणजे माझ्यावर संमेलनंच भरतात.
मग वहीची मागची पानं उलटून पाहिली. कुणाबद्दल एखादा बरा शब्द सापडतो का म्हणून.

३१ मार्च
सहावी मिळाली नाही. सूनबाईने कामावर रजा टाकली आणि मला उठवून बसवलं. घामाघूम झाली. म्हटलं, "दमलीस गं. बैस जरा. फार छान बसवलंस मला."
तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग आतल्या खोलीकडे ओरडली, "अहो, लवकर या! आईंना काहीतरी होतंय!"