‘दवंडी’ची लाइन बंद करण्याबाबत

मी, हेमलता यशवंत पाटणकर, वय ६९, निवृत्त संगणक शिक्षिका, राहणार कासार आंबोली, ता. मुळशी, जि. पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मनाचा दाखला कायदा मागत नाही, हे बरे आहे.

यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सर्व काही माझी धाकटी बहीण शारदा हिच्या नावे होते. ती गेल्या वर्षी वारली.

१. राहते घर व जागा विकून येणारे पैसे आणि बँकेतील ठेवी कराडकडील मूकबधिर मुलींच्या वसतिगृहास द्याव्यात. अट एकच: तेथे मुलींना हातांच्या खुणांनी बोलू द्यावे. शारदाचे कान लहानपणी तापात गेले. आमच्या वडिलांनी घरात खुणांना बंदी केली. “माकडचेष्टा नकोत, लोक हसतात,” म्हणून ते तिचे हात धरून ठेवत. आम्हा बहिणींना बोलायला उरले ते फक्त लिहिणे. वडिलांना मी क्षमा केलेली नाही. करणारही नाही.

२. विहिरीकडची आंब्याची झाडे शेजारच्या रंभाबाईंना द्यावीत. जागा विकणाऱ्याने ती वगळूनच विकावी. ही जमीन मी त्यांच्याकडूनच घेतली. माझा मोडेम पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या, “बाई, त्या पेटीतनं कोण वरडतंय?”

“माझी बहीण आहे.”

“मग वरडू द्या. माजी तर सादा फोनबी करत न्हाई.”

३. जुना संगणक, मोडेम व तारा बावधनच्या साहिलला द्याव्यात. तो नोकरी सांभाळून अशी यंत्रे जिवंत ठेवतो. त्याला ही कशासाठी होती ते ठाऊक असावे, म्हणून लिहिते.

नव्वदच्या दशकात मी पुण्यात ‘दवंडी’ नावाचा संगणकावरचा निरोप-फलक चालवत असे. लोक आपल्या संगणकावरून माझ्या फोनला फोन लावत, दोन्हीकडचे मोडेम शीळ घालून एकमेकांना ओळखत, मग पडद्यावर निरोप वाचायचे, लिहायचे. इंटरनेट आले आणि माणसे निघून गेली. इथे राहायला आल्यावरही मी लाइन ठेवली ती शारदासाठी. रविवारी सकाळी ती कराडहून लाइनवर यायची. टंकलेले प्रत्येक अक्षर त्याच क्षणी दुसरीकडे उमटे. ती अडखळली तर दिसे, खोडले तर दिसे. हसू आले की एकच अक्षर दाबून धरी आणि ओळ भरून जाई. तिचा मुलगा मनीष म्हणे, “मावशी, आता व्हॉट्सॲप आहे की!” व्हॉट्सॲपवर तिची तयार वाक्ये येत. मला ती बोलताना हवी होती.

मग रस्त्याच्या कामात तांब्याची तार गेली आणि फायबर आले. भिंतीवर एक डबी बसली. माणसाचा आवाज तीतून स्वच्छ येतो, पण डबी त्याचे तुकडे करून पाठवते आणि मोडेमला ते तुकडे जुळवता येत नाहीत. मी तक्रार केली. आलेला तंत्रज्ञ म्हणाला, “मॅडम, व्हॉइस क्लिअर आहे ना? मग प्रॉब्लेम काय?” कराडलाही तीच डबी बसली. तोवर शारदाचा आजार पोटात सर्वत्र पसरला होता. मी मोडेमचा वेग कमी करत करत अगदी तळाला आणला, चुकांची तपासणी बंद केली, आणि एका रविवारी जोडणी टिकली. ती फार हळू लिहीत होती.

“ताई ऐक मला”

त्यापुढे कचरा उमटला. चौकोन, आकडे, तुटकी चिन्हे. मग लाइन गेली. मी पुन्हा पुन्हा फोन लावला. कोणी उचलला नाही. तिला त्याच दुपारी दवाखान्यात हलवले होते. मी पोचले तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. पुन्हा आलीच नाही.

४. मनीषला त्याच्या आईच्या माझ्याकडे असलेल्या पाटल्या द्याव्यात, बाकी काही नाही. अंत्यविधीनंतर तो मला म्हणाला, “आई मोबाइल हातातच घेईना, मावशी. चादरीवर नुसती बोटं आपटत होती. आम्हाला वाटलं, भ्रम झालाय. सुई निघेल म्हणून नर्सनं हात बांधले.” तो रडत होता. मी त्याला जवळ घेतले नाही. तेराव्याच्या आत त्याने तिचा संगणक भंगारात दिला. त्याच्या मनात वाईट नव्हते, हे मला समजते. समजून काही उपयोग होत नाही.

५. माझे दहन करावे. दिवस घालू नयेत.

६. दूरध्वनी जोडणी मी गेल्यावरच बंद करावी, त्याआधी कोणीही, माझ्या भल्यासाठीसुद्धा, बंद करू नये. संगणक चालू असतो. या क्रमांकावर आता फक्त कर्ज विकणाऱ्यांचे फोन येतात. मोडेम उचलतो, शीळ घालतो, पलीकडचा माणूस दचकून ठेवून देतो. दर वेळी मी हातातले काम टाकून पडद्यासमोर जाऊन बसते.

मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. वैष्णवी मारणे यांनी करावी. वर लिहिलेले मी वाचले आहे. ते माझेच आहे.

ठिकाण: कासार आंबोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) हेमलता यशवंत पाटणकर

लिहून देणारीने आम्हा दोघींसमोर सही केली, व आम्ही तिच्यासमोर केली:
१. (सही) ॲड. वैष्णवी मारणे, पौड
२. (सही) डॉ. ऋतिका देवधर, बावधन